बेरी सेंट एडमंड्स एका दिवसात कसं बघायचं: गावभर वाटली गेलेली ॲबी

केंब्रिजपर्यंत आपल्यातले बरेच जण जातात. नदीत बोट, किंग्ज कॉलेज, फोटो, झालं. तिथूनच पूर्वेकडे जाणारी छोटी ट्रेन पाऊण तासाच्या आसपास बेरी सेंट एडमंड्सला पोचवते, सफोकमधलं जुनं बाजाराचं गाव, पण तिकडे वळणारे कमी. आणि जे जातात ते ॲबी, म्हणजे इथला जुना ख्रिस्ती मठ, बघायची म्हणून त्या मोठ्ठ्या दरवाजातून आत शिरतात, तर समोर फुलांचे वाफे, खेळणारी पोरं, मध्येच दगडांचे काही वेडेवाकडे सुळके, आणि मग एकमेकांना विचारत बसतात की ॲबी कुठाय. ती तशी उरलेलीच नाही. १५३९ मध्ये आठव्या हेन्रीच्या माणसांनी ती बंद केली आणि त्यानंतर तिचा चांगला घडीव दगड ज्याला जसा मिळाला तसा लोकांनी उचलून नेला, घरांना लावला, भिंतींना लावला. म्हणून माझं म्हणणं असं की ही ॲबी एका जागी उभं राहून बघायची नाही, गावात शोधायची, आणि त्यासाठी फिरायचा क्रम उलटा लावायचा. आधी बाजार, मग चर्चं, आणि बाग सगळ्यात शेवटी.

दिवस कोणता, गाडी कोणती

बुधवार किंवा शनिवार, कारण बाजार याच दोन दिवशी भरतो. शनिवारी गर्दी जास्त असते, लहान मुलं बरोबर असतील तर बुधवार बरा. रविवार शक्यतो टाळा, बाजार नसतो, सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालू असतात म्हणून आत मोकळं फिरता येत नाही आणि मोठी दुकानं तिथल्या कायद्यानुसार रविवारी सहाच तास उघडी असतात.

लंडनहून येणार असाल तर किंग्ज क्रॉसवरून केंब्रिजला जाऊन गाडी बदला, नाहीतर लिव्हरपूल स्ट्रीटवरून इप्सविच किंवा स्टोमार्केटला बदला. शेवटच्या टप्प्यातली छोटी ट्रेन दोन्ही बाजूंनी साधारण तासाला एकच, त्यामुळे मधली गाडी चुकली तर प्लॅटफॉर्मवर बसावं लागतं, जरा हात राखून वेळ ठेवा. तिकीट काढताना गावाचं नाव पूर्ण टाका कारण मँचेस्टरजवळ नुसतं बेरी नावाचं वेगळं गाव आहे आणि ते देशाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. कारने येणाऱ्यांना ए१४ हायवे गावाला खेटूनच जातो पण बाजाराच्या दिवशी अगदी मध्यात पार्किंग शोधायच्या नादी लागू नका, जरा बाहेर लावा आणि चाला, गाव लहान आहे.

स्टेशनातून पायी पंधरा एक मिनिटं. नॉर्थगेट स्ट्रीट धरून सरळ आलात की एंजल हिल नावाचा मोठा उतरता चौक लागतो आणि डावीकडे तो ॲबीचा दरवाजा दिसतो. बघा, मान हलवा, आणि आत न जाता उजवीकडे ॲबीगेट स्ट्रीटचा चढ चढून बाजारात जा. मोह होतो, माहितीये. पण संध्याकाळी याच दरवाजातून बाहेर पडायचंय आणि तेव्हा तो वेगळा दिसेल.

बाजार: भांडणाची सुरुवात इथून

बटर मार्केट आणि कॉर्नहिल या दोन जागांवर स्टॉल लागतात. भाजी, मासे, ब्रेड, चीज, फुलझाडं, मोबाइलची कव्हरं, सगळं शेजारी शेजारी. काहीतरी खायला घ्या आणि फिरता फिरता एक गोष्ट लक्षात ठेवा की हा बाजार, हे रस्ते, हा सगळा काटकोनातला आराखडा गावकऱ्यांनी नाही केलेला, तो ॲबीने केलाय. अकराव्या शतकाच्या शेवटी बाल्डविन नावाचा फ्रेंच ॲबट होता, ॲबट म्हणजे मठाचा प्रमुख, हा पेशाने वैद्य, राजाचा वैद्य. त्याने ॲबीसमोर जवळपास नवीन गाव आखून घेतलं. म्हणजे जागा ॲबीची, बाजाराचा कर ॲबीचा, कोर्ट ॲबीचं, दळायची गिरणीसुद्धा ॲबीची. पश्चिम सफोकचा मोठा भाग राजाच्या अधिकाऱ्यांऐवजी मठाच्या हुकमाखाली होता आणि गावातल्या व्यापाऱ्यांना हे डोळ्यात सलत होतं.

याचे बारीक तपशील आपल्याला कळतात ते जोसेलिन नावाच्या इथल्याच एका साधूने लिहून ठेवलं म्हणून. तो सांगतो की घरटी एक पेनी कापणीचा कर असायचा, आणि तो दिला नाही तर मठाचे नोकर गरिबांच्या घरातली भांडीकुंडी आणि अक्षरशः दारं काढून न्यायचे, मग म्हाताऱ्या बायका सूत कातायच्या काठ्या घेऊन त्यांच्या अंगावर धावून जायच्या. दुसरी गोष्ट ११९१ ची. हर्बर्ट नावाच्या एका धर्माधिकाऱ्याने स्वतःची पवनचक्की उभी केली. ॲबट सॅमसनला कळल्यावर त्याला इतका संताप आला की जेवण जाईना, तोंडातून शब्द फुटेना. हर्बर्टचं म्हणणं की वारा काही कोणाच्या मालकीचा नाही, सॅमसनचं म्हणणं की गावातले लोक तिकडे दळायला जातील आणि आमच्या गिरण्यांचं नुकसान. शेवटी मठाचे लोक पाडायला पोचायच्या आत हर्बर्टने स्वतःच ती उतरवून टाकली. मला विचाराल तर हे गाव समजून घ्यायला एवढी एकच गोष्ट पुरे.

कॉर्नहिलवर मॉयझेस हॉल आहे, साधारण ११८० च्या सुमाराचं दगडी घर, म्हणजे सॅमसनच्याच काळातलं, आणि १८९९ पासून तिथे म्युझियम आहे. तिकीट आहे पण घ्या. आत जुनी घड्याळं छान आहेत. आणि एक खोली जरा भयंकर आहे, १८२७ च्या रेड बार्न खुनाची. मारिया मार्टन नावाच्या मुलीला विल्यम कॉर्डरने मारलं, १८२८ ला त्याला याच गावात जाहीर फाशी झाली, आणि त्याच्या कातडीत बांधलेलं पुस्तक आणि चेहऱ्याचा साचा इथे काचेत ठेवलेत. मुलं बरोबर असतील तर आधी एकाने आत जाऊन बघून या. इथेच मेरी ट्यूडरच्या केसांची एक बट आहे, ती लक्षात ठेवा, पुढे तिची कबर येतेय.

तिथून दोन पावलांवर द नटशेल नावाचा पब, आतून १५ फूट बाय ७ फूट, ब्रिटनमधला सगळ्यात लहान पब म्हणून मिरवतो. छताला नोटा चिकटवलेल्या आणि एक वाळलेली काळी मांजर टांगलेली. बसायची अपेक्षा ठेवू नका, उभ्या उभ्या एक घ्या नाहीतर दारातून डोकावून पुढे चला.

चर्चगेट स्ट्रीटने उतारावरून खाली

आता बाजारातून दक्षिणेकडे गिल्डहॉल स्ट्रीट धरा. वाटेत गिल्डहॉल दिसेल, तेराव्या शतकातला दगडी दरवाजा असलेली इमारत. मठाशी भांडणारे व्यापारी जमायचे ते असल्या गिल्डांच्या आडूनच, वर धार्मिक मंडळ, आत खलबतं. गंमत म्हणजे दुसऱ्या महायुद्धात याच इमारतीत शत्रूच्या विमानांवर नजर ठेवणाऱ्या ऑब्झर्व्हर कोअरची कंट्रोल रूम होती, तीही जपून ठेवलीये, उघडं असेल तर बघा.

मग डावीकडे चर्चगेट स्ट्रीटला वळा, आणि इथे प्लीज मोबाइल खिशात ठेवून चाला. रस्ता सरळ खाली उतरतो आणि त्याच्या टोकाला बरोब्बर मधोमध नॉर्मन टॉवर उभा आहे. बाल्डविनने हा रस्ता असा आखला की बाजारातून येणाऱ्याची नजर थेट ॲबीच्या चर्चवर, आत मुख्य वेदीपर्यंतच्या रेषेत जावी. चर्च गेलं पण रेषा अजून तशीच आहे. यात्रेकरू याच उतारावरून यायचे. कोणासाठी, तर इथे समाधी असलेल्या एडमंड नावाच्या राजासाठी. हा पूर्व इंग्लंडचा राजा, ८६९ मध्ये डॅनिश हल्लेखोरांनी मारला. आख्यायिका अशी की त्याला झाडाला बांधून बाण मारले, मुंडकं तोडून जंगलात फेकलं, आणि शोधायला गेलेल्या लोकांना ते सापडलं तेव्हा एक लांडगा त्याची राखण करत बसला होता. गावात जागोजागी लांडगे दिसतील ते यामुळे. सेंट जॉर्जच्या आधी इंग्लंडचा रक्षक संत म्हणून एडमंडचं नाव घेतलं जायचं. आणि १०२० मध्ये इथे बेनेडिक्टाइन साधूंचा मठ सुरू केला तो कनूट राजाने, म्हणजे स्वतः डॅनिश असलेल्या राजाने, याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

नॉर्मन टॉवर ११२० ते ११४८ मधला. जवळ गेल्यावर वर बघायच्या आधी खाली बघा. टॉवरचं जोतं आजच्या रस्त्यापेक्षा बरंच खाली आहे, कारण इतक्या शतकांत आजूबाजूची जमीनच वर आली. त्या खड्ड्यात दिसते ती बाराव्या शतकातली जमिनीची पातळी. वर अजून घंटा आहेत, शेजारच्या कॅथेड्रलसाठी वाजतात.

चर्चयार्ड, म्हणजे खरी मजा

टॉवरच्या कमानीतून आत गेलात की समोर जे दिसतं ते मला पूर्ण इंग्लंडमध्ये दुसरीकडे असं बघायला मिळालेलं नाही. ॲबीच्या चर्चची पश्चिमेकडची, म्हणजे दर्शनी भिंत अजून उभी आहे, पण तिच्या आतमध्ये लोकांनी घरं बांधलीत. नीट दारं, पांढऱ्या चौकटीच्या खिडक्या, पडदे, आणि दोन खिडक्यांच्या मध्ये ओबडधोबड दगडाचा फुगलेला लगदा, वर गवत उगवलेलं. लोक राहतात तिथे, त्यामुळे खिडकीला नाक लावू नका. तो लगदा जवळून बघा मात्र. त्यात काळ्या-करड्या गारगोट्या आहेत, चुन्यात दाबून भरलेल्या. सफोकमध्ये चांगला दगड निघत नाही, गारगोटी मात्र ढिगाने. म्हणून भिंतीचा आतला भरणा गारगोटीचा आणि बाहेरून घडीव दगडाचं अस्तर, ते दगड बार्नॅकच्या खाणीतून लांबून आणलेले. ॲबी बंद झाल्यावर लोकांनी अस्तर सोलून नेलं आणि भरणा मागे राहिला. हे एकदा डोळ्यात बसलं की मग गावातल्या कुठल्याही जुन्या कुंपणाच्या भिंतीत गारगोट्यांच्या मध्येच एखादा गुळगुळीत कापलेला, कोरीव कडेचा दगड दिसला की आपण थांबतोच, की हा बहुतेक तिकडचा.

चर्चयार्डमध्ये एलिझाबेथ फ्रिंकने १९७६ ला केलेला एडमंडचा ब्राँझ पुतळा आहे, बारीक, तरुण, फारसा राजासारखा न दिसणारा. आणि एक पडकं छोटं चॅपल आहे लोखंडी रेलिंगच्या आत, साधारण १३०० चं, जुन्या कबरी उकरल्यावर निघालेली हाडं ठेवायची ती जागा. त्याच्या भिंतीवरच्या पाट्या वाचा. एक नऊ वर्षांच्या मेरी हॅझल्टनची, १७८५ च्या ऑगस्टमध्ये संध्याकाळची प्रार्थना म्हणत असताना वीज पडून गेली. दुसरी सारा लॉइडची, मालकिणीच्या घरात चोरी झाली त्या गुन्ह्यात १८०० साली फासावर दिलेली तरुण मोलकरीण. लोक इथून भरभर जातात, तुम्ही जाऊ नका.

पुढे सेंट मेरीज चर्च. हे ॲबीच्या आवारातलं गावकऱ्यांचं चर्च, म्हणून वाचलं. आत जाऊन मान वर करा, लाकडी छतावर पंख पसरलेले देवदूत ओळीने आहेत, उजेड कमी असतो म्हणून फोनने झूम करून बघितलेलं बरं. मग वेदीच्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात एक साधी दगडी फरशी शोधा. ती मेरी ट्यूडरची कबर. ब्लडी मेरी नव्हे, ती भाची, ही आठव्या हेन्रीची धाकटी बहीण, काही महिन्यांसाठी फ्रान्सची राणी झालेली. १५३३ ला वारली, ॲबीत पुरली, आणि सहाच वर्षांनी भावानेच ॲबी बंद केली म्हणून तिला इथे हलवावं लागलं. १७८४ मध्ये कबर उघडली तेव्हा लोकांनी केस कापून नेले, मघाची बट त्यातलीच.

कॅथेड्रल झटपट झालं तरी चालेल, हे माझं मत. जुनं सेंट जेम्स चर्च, १९१४ ला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला, आणि वरचा टॉवर तर २००५ ला पूर्ण झालाय, दिसायला मध्ययुगीन पण वयाने फेसबुकच्या आगेमागे. आत प्रवेश फुकट आहे, देणगीचा डबा असतो. रंगवलेलं छत छान आहे आणि बसायला स्वच्छ, शांत जागा मिळते, पाय दुखायला लागलेले असतात तोपर्यंत.

आता बाग आणि अवशेष

ॲबी गार्डन्सला तिकीट नाही. अंधार पडायच्या सुमाराला दरवाजे बंद करतात तेव्हा हिवाळ्यात इथे लवकर या, आणि बूट असे घाला जे ओल्या गवतात चालतील, अवशेष गवतातच आहेत. मुलांसोबत असाल तर त्या दगडांवर चढू देऊ नका, सुटे आहेत आणि तशा सूचनाही लावलेल्या असतात.

बघण्याची पद्धत सांगते. चर्चची लांबी होती साधारण ५०५ फूट, १५४ मीटर. घरं घुसलेली ती दर्शनी भिंत हे एक टोक. तिथून पूर्वेकडे चालत जा आणि उंच उरलेल्या जाड खांबांपाशी थांबा, हा चर्चचा मधला चौक, म्हणजे अजून पुढचं टोक यायचंय. एवढ्या अंतरावर सलग छप्पर होतं हे पायांनी मोजल्याशिवाय कळत नाही, फोटोत तर अजिबात नाही. इथल्या एका खांबावर पाटी आहे, १२१४ ची आठवण. त्या वर्षी सरदार मंडळी इथे एडमंडच्या वेदीपाशी जमली आणि जॉन राजाकडून हक्कांची सनद घ्यायचीच अशी शपथ घेतली असं सांगतात, पुढच्या वर्षी मॅग्ना कार्टा झाला. गावाच्या बोधचिन्हावर कायद्याचा पाळणा असं मिरवतात ते यावरूनच.

शेजारीच चॅप्टर हाउसची, म्हणजे साधूंच्या सभागृहाची जागा, जिथे ॲबट पुरलेत. एम. आर. जेम्स, तोच भुताच्या गोष्टी लिहिणारा, त्याला एका जुन्या हस्तलिखितात कबरींच्या जागा लिहिलेल्या सापडल्या आणि १९०३ च्या सुमाराला खणल्यावर त्या खरंच निघाल्या. पवनचक्कीवाला सॅमसन इथेच आहे. एडमंड मात्र बेपत्ता. १५३८ मध्ये हेन्रीच्या माणसांनी समाधीवरचं सोनं चांदी नेलं त्याचा हिशोब आहे, देहाचं काय झालं याचा उल्लेख नाही, त्यामुळे तो बागेतच जुन्या टेनिस कोर्टाखाली असावा अशी एक चर्चा अधूनमधून उठते.

नदीकडे गुलाबांची बाग आहे, युद्धात सफोकला असलेल्या ॲपलबी नावाच्या अमेरिकन सैनिकाने इथल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्याच्या पैशातून केलेली. तिथे एक बाक बी-१७ बॉम्बरच्या पंखाच्या धातूचं आहे. बरोबरचं खाणं उरलं असेल तर इथे बसून संपवा.

आणि आता त्या मोठ्या दरवाजातून बाहेर पडा. एंजल हिलवर दहा-बारा पावलं चालून मागे वळा. दर्शनी बाजूला पुतळ्यांसाठी कोनाडे आहेत, पुतळे गेलेत. कोनाड्यांच्या मागच्या भिंतीत नीट बघा, बाण मारायच्या उभ्या फटी आहेत. देवाच्या दारात फटी कशाला? १३२७ मध्ये गावकऱ्यांनी उठाव केला, मठ लुटला, आधीचा दरवाजा पाडला, पुढे तर ॲबटलाच पळवून समुद्रापलीकडे ब्राबंटमध्ये नेऊन ठेवला. त्यानंतर बांधलेला हा दरवाजा, वर संतांची शोभा आणि त्यांच्या मागे गावावर रोखलेले बाण. मोठा पोर्टकलिस, म्हणजे वरून सोडायचा जाळीदार अडसर, तोही आहे. सकाळी थेट आत गेला असतात तर हा फक्त एक सुंदर गेट वाटला असता. आणि तरी १३८१ च्या शेतकरी उठावात गाव परत उठलंच, तेव्हा मठाच्या प्रायरचं, म्हणजे ॲबटच्या खालोखालच्या अधिकाऱ्याचं, डोकं भर बाजारात टांगलं होतं, जिथे दुपारी आपण चीज घेतलं साधारण त्याच भागात.

चौकातलं एंजल हॉटेल बाहेरून बघा, डिकन्स राहायचा तिथे. आणि मधला पांढरा खांब हा रस्त्याच्या दिशा दाखवणारा १९३५ चा दिव्याचा बोर्ड आहे, तोही संरक्षित वास्तू, या लोकांना काही म्हणजे काही पाडवत नाही, ॲबी सोडून.

वेळ उरला तर

वेस्टगेट स्ट्रीटला ग्रीन किंगची ब्रुअरी आहे, १७९९ पासूनची, आणि तिच्या समोर थिएटर रॉयल, १८१९ चं, नॅशनल गॅलरी बांधणाऱ्या विल्यम विल्किन्सचं. मध्ये काही दशकं हे थिएटर बिअरच्या पिंपांचं गोदाम होतं, १९६५ ला परत सुरू झालं. आपल्याला इथे जायचं खास कारण आहे. चार्लीज आंट हे नाटक पहिल्यांदा १८९२ मध्ये याच रंगमंचावर झालं, आणि त्याच्यावरूनच अत्र्यांनी मोरूची मावशी लिहिलं. संध्याकाळचा प्रयोग असेल तर तिकीट आधी काढा, लहान थिएटर आहे, पण परतीची शेवटची ट्रेन बघूनच.

हिवाळ्यात आलात तर गावावर एक गोडसर, उकडल्यासारखा वास असतो, तो गावाबाहेरच्या बीटाच्या साखर कारखान्याचा, घाबरू नका. मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी जवळचं इकवर्थ हाउस करा, मोठ्या घुमटाचं घर आणि भरपूर चालायला जागा, किंवा लॅव्हनम, तिरक्या लाकडी घरांचं गाव. लॅव्हनमला ट्रेन नाही, बस आहे, आणि परतीची बस सुटायची वेळ उतरतानाच ड्रायव्हरला विचारून घ्या.